ययातीतली सावली

मार्गशीर्ष सरत येतो तेव्हा रात्री नऊच्या सुमारास बीडच्या आकाशात ययाती तारकासमूह उत्तरेकडे बराच उंच आलेला असतो. शर्मिष्ठेची ओळखीची आकृती पकडून पूर्वेकडे सरकले की तो लगेच सापडतो, आणि त्यात दर तीन दिवसांनी मंदावणारा अल्गॉल ताराही दिसतो. आकाशाचा हा एवढा तुकडा अवकाशातल्या रेणूंच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो. १९६३ मध्ये हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू जोडून झालेला रेणू, ताऱ्यांमधल्या जागेत रेडिओ लहरींवर पहिल्यांदा सापडला तो शर्मिष्ठेतल्या कॅसिओपिया-ए या ताऱ्याच्या स्फोटातून उरलेल्या अवशेषासमोर. १९७० मध्ये जॉर्ज कॅरदर्स यांनी रॉकेटवर अतिनील किरणांचा कॅमेरा चढवला आणि हायड्रोजनचा रेणू पहिल्यांदा पकडला, तो ययातीतल्या क्साय पर्सेई या ताऱ्यासमोर. आणि २०१८ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले नीरज गुप्ता, रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकींशी भिडलेल्या दोन दीर्घिकांमधून बाहेर ओढल्या गेलेल्या विरळ वायूत हायड्रॉक्सिल सापडल्याचे जाहीर केले. ती जागाही ययातीतच आहे, अल्गॉलपासून चारेक अंशांवर. तिन्ही वेळा आकाशाचा हाच तुकडा असणे हा योगायोग आहे. पण तिन्ही वेळा जे सापडले ते स्वतः चमकत नव्हते, मागून येणाऱ्या प्रकाशात त्याची सावली पडली होती, हा योगायोग नाही. दीर्घिकांच्या दरम्यानच्या विरळ वायूत रेणू आहेत की नाहीत, हा प्रश्न इतकी दशके अडून राहिला तो रेणू नव्हते म्हणून नव्हे. आपण त्यांना उजळताना शोधत राहिलो म्हणून तो अडला. तो सुटू लागला सावलीच्या रीतीने, आणि या रीतीत पुण्याचा वाटा मोठा आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी ती जागा समजून घ्यायला हवी. हॉल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये ३३८ विचित्र दीर्घिकांची चित्रावली प्रसिद्ध केली. त्यात वाकलेल्या भुजा होत्या, लांबच लांब शेपट्या होत्या, दोन दीर्घिकांना जोडणारे अंधूक पूल होते. या शेपट्या कशामुळे, यावर तेव्हा एकमत नव्हते. गुरुत्वाकर्षणाने अशा पातळ, धारदार आकृती निघतील यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता, म्हणून चुंबकीय बले किंवा दीर्घिकांच्या केंद्रांतले स्फोट पुढे केले जात. १९७२ मध्ये ॲलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर दोन दीर्घिका एकमेकींजवळून नेल्या आणि निव्वळ गुरुत्वाकर्षणाने तशाच शेपट्या आणि तसेच पूल काढून दाखवले. चंद्र समुद्राला ओढतो त्याच भरती-ओहोटीच्या बलाने एक दीर्घिका दुसरीच्या कडेचे तारे आणि वायू ओढून काढते. केंद्राजवळचे पदार्थ घट्ट बांधलेले असतात, कडेचे सैल. त्यामुळे शेपटीत जास्त करून कडेचा वायू जातो, आणि तो मुख्यतः अणुरूप हायड्रोजन असतो. या अणुरूप हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर १९५१ पासून ऐकू येत होती, म्हणून शेपट्यांमधला हायड्रोजन रेडिओ दुर्बिणींनी फार अडचण न येता मोजला. त्यात रेणू असतील का, हा प्रश्न मात्र बराच काळ कुणी नेटाने विचारला नाही.

त्यामागे एक जुना पूर्वग्रह होता. अवकाशात मुळात रेणू टिकतील हेच विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात कुणी मानत नव्हते. एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम काही डझन अणू, त्यांची गाठ पडणार कधी, आणि पडलीच तरी ताऱ्यांचे अतिनील किरण त्यांना फोडणारच, असा तो साधा हिशेब. १९३७ ते १९४१ या काळात ताऱ्यांच्या वर्णपटात सीएच, सीएन आणि विद्युतभारित सीएच यांच्या बारीक काळ्या रेषा ओळखल्या गेल्या आणि तो हिशेब चुकीचा ठरला. त्या रेषाही सावल्याच होत्या. १९४१ मध्ये अँड्र्यू मॅकेलर यांनी सीएनच्या दोन रेषांची तुलना करून त्या रेणूचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर केवळ २.३ केल्विन येते, असे लिहून ठेवले. तो आकडा विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाचा होता, हे उमगायला १९६५ साल उजाडावे लागले. रेणू हा नुसता सापडण्याचा पदार्थ नसून तापमापकही आहे, हे त्या आकड्यात दडलेले होते. पुढे पुण्याच्या कामात हीच गोष्ट पुन्हा येते.

१९७० नंतर रेणूंच्या शोधाला उधाण आले, पण त्याची दिशा बदलली. त्या वर्षी विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झिआस यांनी मृगातल्या तेजोमेघात कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची लहर पकडली. ती इतकी ठळक होती की रेणुरूप वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, असे समीकरणच होऊन बसले. त्याला कारणही होते. हायड्रोजनचा रेणू हा विश्वातला सर्वांत विपुल रेणू, पण त्याचे दोन्ही अणू सारखे असल्याने त्याच्यात विद्युत ध्रुव नसतात, आणि थंड अवस्थेत तो जवळपास गप्प बसतो. मग त्याच्यासोबत असणारा बोलका रेणू शोधायचा. दाट मेघांत कार्बन मोनॉक्साइड हे काम चोख करतो. दीर्घिकांच्या शेपट्यांतही त्याने ते केले. एम८१ च्या परिवारात, एनजीसी ३०७७ जवळच्या ओढलेल्या हायड्रोजनमध्ये, १९९० च्या दशकात त्याच्या लहरी सापडल्या. २००० मध्ये ब्रेन आणि सहकाऱ्यांनी आर्प १०५ आणि आर्प २४५ या जोड्यांच्या शेपट्यांच्या टोकांना तो शोधला, आणि तिथले रेणू जुन्या दीर्घिकेतून वाहून आलेले नसून शेपटीतल्या अणुरूप हायड्रोजनपासूनच नव्याने तयार झाले असावेत, असा मुद्दा मांडला. २००६ मध्ये फिलिप ॲपलटन यांच्या गटाला स्पिट्झर दुर्बिणीतून ‘स्टीफन्स क्विंटेट’ या दीर्घिकांच्या समूहात, प्रत्यक्ष दीर्घिकांच्या बाहेर, टकरीच्या धक्कालहरीत तापलेल्या हायड्रोजन रेणूंची जोरदार चमक मिळाली. हे सगळे शोध मोलाचे आहेत. पण त्यांचे एक समान लक्षण आहे. जिथे वायू गोळा होऊन दाट झाला, नवे तारे जन्मू लागले किंवा धक्क्याने तापला, तिथेच रेणू दिसले. शेपटीचा बहुतांश भाग असा नसतो. तो थंड, विरळ आणि शांत असतो, आणि त्याच्याबद्दल या पद्धती काहीच सांगत नाहीत.

या पद्धतींच्या गप्प बसण्याला साधे भौतिक कारण आहे, आणि सगळ्या युक्तिवादाचा कणा तिथेच आहे. विरळ वायूत कार्बन मोनॉक्साइड टिकायला धुळीचा जाड आडोसा लागतो. तो नसला की ताऱ्यांचा अतिनील प्रकाश त्याला फोडतो. हायड्रोजनचा रेणू मात्र स्वतःच्याच थरांची सावली घेऊन बचावतो. म्हणजे असा बराच वायू असू शकतो ज्यात हायड्रोजन रेणुरूप आहे आणि कार्बन मोनॉक्साइड नाही. हायड्रॉक्सिल अशा ठिकाणीही तयार होतो. वैश्विक किरण हायड्रोजनला विद्युतभारित करतात, तो भार ऑक्सिजनकडे जातो, मग तो ऑक्सिजन एकामागून एक हायड्रोजन रेणूंशी क्रिया करतो, आणि अखेर इलेक्ट्रॉन मिळाला की हायड्रॉक्सिल किंवा पाणी सुटते. या साखळीत हायड्रोजनचा रेणू लागतोच. म्हणून थंड वायूत हायड्रॉक्सिल दिसला की गप्प हायड्रोजन रेणू तिथे आहे, असे धरता येते. पण हा साक्षीदार विरळ वायूत उजळत नाही. तिथे त्याचे उत्तेजन तापमान सुमारे ३.५ केल्विन धरतात. पार्श्वभूमीचे तापमान २.७ केल्विन आहे. तो किती चमकेल हे या दोहोंतल्या फरकावर, म्हणजे जेमतेम एका केल्विनहून कमी अंतरावर, अवलंबून असते. त्यात वायू पातळ. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून एवढी चमक पकडणे आजच्या कुठल्याही दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहे. तोच वायू एखाद्या क्वेसारसमोर, म्हणजे अतिदूरच्या आणि अतिप्रखर दीर्घिकाकेंद्रासमोर, आला तर हिशेब उलटा होतो. क्वेसारच्या रेडिओ प्रकाशाचे तापमान वायूपेक्षा अनेक लाख पटींनी जास्त असते, आणि सावली किती गडद पडेल हे अंतरावर अवलंबून राहत नाही. वायू सत्तर कोटी प्रकाशवर्षांवर असो की सातशे, दिवा पुरेसा प्रखर असला की त्याची सावली तेवढीच खोल पडते.

सावलीवरून न दिसणाऱ्या गोष्टींचे मोजमाप करणे आपल्याकडे नवे नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत छायाव्यवहार नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे, दिव्याची उंची आणि शंकूची सावली यांच्या गणितांचे. भास्कराचार्यांनी ज्या विज्जडवीड गावाचा आपले गाव म्हणून उल्लेख केला, ते आजचे बीड असे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात होते, जिथे त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे. तो वाद इथे सोडवायचा नाही. दिवा, अडवणारी वस्तू आणि पडलेली सावली या तिघांपैकी दोन माहीत असले की तिसरे काढता येते, ही बैठक मात्र तीच आहे. क्वेसारचा वर्णपट म्हणजे दिवा, रेषेची खोली म्हणजे सावली, आणि त्यांवरून मधला वायू काढायचा.

पुण्यात ही बैठक पक्की झाली ती एकाच आवारात शेजारी वाढलेल्या दोन संस्थांमुळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोलशास्त्र गटाने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली आधी १९७० मध्ये उटीची दुर्बीण उभारली आणि नंतर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी उभी केली. दुसरीकडे १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी आयुका स्थापन केली. श्रीआनंद आणि फ्रेंच संशोधक पात्रिक पेतीजाँ, सेद्रिक लदू या मंडळींनी दूरच्या क्वेसारसमोर येणारे, हायड्रोजनने गच्च भरलेले वायूचे पट्टे तपासण्याचा क्रम चालवला. अशा पट्ट्यांतला पहिला हायड्रोजन रेणू १९८५ मध्ये लेव्शाकोव्ह आणि वर्शालोविच यांनी दाखवला होता, पण अनेक वर्षे असे पट्टे अगदी मोजकेच होते. डिसेंबर २००० मध्ये नेचरमध्ये आलेल्या श्रीआनंद, पेतीजाँ आणि लदू यांच्या लेखाने या वायूचा तापमापक केला. २.३४ एवढ्या ताम्रसृतीवरच्या (ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशलहरी किती ताणल्या गेल्या याचे माप) पट्ट्यात रेणुरूप हायड्रोजनसोबत असलेल्या कार्बनच्या सूक्ष्म रेषांवरून त्यांनी तेव्हाच्या विश्वाच्या प्रारणाचे तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान आहे असे सांगितले. विश्व प्रसरण पावत आले असेल तर ते ९.१ असायला हवे होते. २००८ मध्ये श्रीआनंद, नोटरडेम, लदू आणि पेतीजाँ यांनी २.४२ ताम्रसृतीवर कार्बन मोनॉक्साइडच्या काळ्या रेषा शोधल्या. अशा पट्ट्यांतला तो पहिलाच कार्बन मोनॉक्साइड होता. त्यातून तापमान आले ९.१५ केल्विन, ०.७२ इतक्या अनिश्चिततेसह. अपेक्षा ९.३१५ ची होती. मॅकेलर यांच्या २.३ केल्विनपासून सुरू झालेली वाट इथे येऊन पोचली.

ज्या संस्थेत हे झाले तिचे संस्थापक नारळीकर हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत महास्फोटाला पर्यायी विश्वरचना मांडत होते. तरीही महास्फोटाच्या बाजूने पडणारा हा आकडा त्यांच्याच आवारातून बाहेर पडला. त्यांच्या सिद्धांतालाही या आकड्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो देता येतो की नाही हा वेगळा वाद आहे. संस्था कशा घडवाव्यात यासाठी मात्र मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. प्रमुखाच्या मतावरून प्रयोगाचे उत्तर ठरत नाही, हे तिथे रोजच्या कामात पाळले गेले.

रेडिओच्या बाजूने खोडदच्या दुर्बिणीवर निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी २००२ मध्ये दोन दूरच्या दीर्घिकांमध्ये हायड्रॉक्सिलच्या सावल्या दाखवल्या. पुढे अशा सावल्यांची संख्या थोडी वाढली. पण त्या बहुतेक अशा जागा होत्या जिथे मिलिमीटर लहरींवर दाट रेणुमेघ आधीच माहीत होते, किंवा गुरुत्वीय भिंगामुळे दिव्याचा किरण एखाद्या दीर्घिकेच्या थेट पोटातून येत होता. विरळ वायूचा प्रश्न तसाच उरला होता. तो सोडवायला वेगळी निवड हवी होती. थंड अणुरूप हायड्रोजन आहे हे पक्के माहीत आहे, पण दाट मेघ असल्याचा कुठलाही आधीचा पुरावा नाही, अशा जागी जाऊन हायड्रॉक्सिल शोधायचा.

क्यू०२४८+४३० ही अशीच जागा होती. ताम्रसृती १.३१ असलेला, म्हणजे ज्याचा प्रकाश आपल्याकडे यायला साडेआठशे कोटी वर्षांहून जास्त लागली, असा क्वेसार. त्याच्यापासून आकाशात केवळ १५ कलासेकंदांवर एकमेकींत विलीन होत असलेल्या दोन दीर्घिका, सुमारे सत्तर कोटी प्रकाशवर्षांवर. त्यांच्यापासून निघालेली एक लांब शेपटी थेट क्वेसारच्या समोरून जाते. १९९० मध्ये वॉम्बल, जंकारिनेन, कोहेन आणि मार्गारेट बर्बिज यांनी क्वेसारच्या प्रकाशात या शेपटीतल्या सोडियम आणि कॅल्शियमच्या रेषा दाखवल्या. त्या काळी दीर्घिका आणि क्वेसार आकाशात इतके जवळ दिसतात म्हणजे खरोखरच शेजारी असतील, आणि क्वेसारची ताम्रसृती अंतरामुळे नसेल, असा वाद जोरात होता. शेपटीची सावली क्वेसारच्या प्रकाशात पडते, म्हणजे क्वेसार तिच्या मागे आहे, एवढे तरी या रेषांनी ठरवले. २००४ मध्ये ह्वांग आणि चिऊ यांनी तिथे २१ सेंटिमीटरची सावलीही टिपली. थंड हायड्रोजन आहे, हे नक्की झाले. मग आयुकाच्या गटाने अशा एकूण नऊ जागा घेतल्या आणि प्रत्येक ठिकाणी हायड्रॉक्सिल शोधला. आठ ठिकाणी काही मिळाले नाही. नवव्या ठिकाणी, ०.०५१८९ ताम्रसृतीवर, हायड्रॉक्सिलच्या १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झच्या दोन्ही मुख्य रेषा सापडल्या. आपल्या दीर्घिकेबाहेरच्या विरळ वायूत सावलीतून सापडलेला हा पहिला हायड्रॉक्सिल होता.

किती होता तो? दृष्टीच्या रेषेत दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ६३ लाख कोटी रेणू, उत्तेजन तापमान ३.५ केल्विन धरून आणि वायू दिव्याला पूर्ण झाकतो असे मानून. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या खोलीतल्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्येच अडीच कोटी कोटीच्या लाखपट कण असतात. शेपटीच्या हजारो प्रकाशवर्षांच्या जाडीतले ते सगळे हायड्रॉक्सिल खोलीतल्या हवेइतके दाबून ठेवले तर थराची जाडी मिलिमीटरचा चाळीस हजारावा भाग होईल, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा पदार्थाची सावली सत्तर कोटी प्रकाशवर्षांवरून मोजता आली.

आता आक्षेप. पहिला असा, की रेडिओ लहरींमध्ये खळबळ फार असते, हा खड्डा एखाद्या उपग्रहाच्या संदेशाने पडलेला नसेल कशावरून? हा आक्षेप हलका नाही. ताम्रसृतीमुळे १६६७ मेगाहर्ट्झची रेषा इथे सुमारे १५८५ वर सरकते, आणि मोबाइलमधल्या जीपीएसचे उपग्रह १५७५ वर बोलतात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञाला यापेक्षा वाईट शेजार मिळणे कठीण. पण उपग्रहाचा गोंधळ दोन रेषांना बरोबर त्या रेणूच्या रेषांमधल्या अंतराने, आणि तेही हायड्रोजनने आधीच दाखवलेल्या ताम्रसृतीवर पाडणार नाही. तीन स्वतंत्र लहरी एकाच वेगावर जुळतात, तिथे खोटेपणाला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. शेपटी म्हणजे दीर्घिकेचाच तोडलेला तुकडा, मग ते रेणू दीर्घिकेतूनच आले असतील, विरळ जागेत तयार झाले असे का म्हणावे? याचे उत्तर घड्याळ देते. आपल्या दीर्घिकेतल्या साध्या तारकाप्रकाशात आडोसा नसलेला हायड्रॉक्सिल शंभर वर्षांच्या आसपास फुटतो, आणि उघड्यावरचा हायड्रोजन रेणू काही शतकांत. शेपट्या ताणल्या जायला मात्र कोट्यवधी वर्षे लागतात. शेपटीतला तारकाप्रकाश पुष्कळ मंद धरला, रेणूंना काही आडोसा मिळाला असे मानले, तरी हा फरक भरून निघत नाही. म्हणून आज दिसणारा हायड्रॉक्सिल तिथेच घडलेला, आणि सतत घडत असलेला आहे. शेपटीत धूळ आणि जड मूलद्रव्ये दीर्घिकेकडून आली हे खरे, आणि धुळीच्या कणांवरच हायड्रोजनचे अणू जोडले जातात हेही खरे. पण दीर्घिकेकडून आला तो कच्चा माल, रेणू नव्हेत. आर्प १०५ आणि आर्प २४५ मध्ये दाट वायूबद्दल निघालेला निष्कर्ष इथे विरळ वायूलाही लागू पडतो, आणि माझ्या मते या शोधाचे खरे महत्त्व यातच आहे.

तिसरा आक्षेप म्हणजे ‘विरळ’ या शब्दालाच. दिव्याचा किरण बारीक असतो, आणि त्याच्या वाटेत योगायोगाने एखादा लहानसा दाट गोळा आला असेल तर? हे पूर्णपणे नाकारता येत नाही. म्हणूनच रेणूंच्या आकड्यासोबत वायूने दिवा किती झाकला याचा गुणक उघड लिहिला जातो. झाकण अर्धे असेल तर आकडा दुप्पट होतो. पण दुप्पट धरला तरी तो आपल्या दीर्घिकेतल्या विरळ आणि अर्धपारदर्शक मेघांच्या पट्ट्यातच राहतो, दाट तारकाजन्मभूमींच्या बराच खाली. आणि ही जागा दाट मेघाच्या खुणा पाहून निवडलेली नव्हती, हेही विसरता येत नाही.

चौथा आक्षेप लोक कुजबुजत्या आवाजात घेतात. नऊपैकी एक. हा शोध म्हणायचा की सुदैव? मला उलट त्या आठ रिकाम्या जागांचे मोल वाटते. त्या प्रत्येक ठिकाणी थंड अणुरूप हायड्रोजन आहे हे माहीत होते, आणि हायड्रॉक्सिल किती असू शकत नाही याची कडक मर्यादा तिथे ठरली. म्हणजे थंड हायड्रोजन असला की रेणू असतातच असे नाही, हे मोजून कळले. केवळ सापडलेली जागा छापली असती तर शेपट्या रेणूंनी भरल्या आहेत असा समज पसरायला वेळ लागला नसता. आठ नकार आणि एक होकार मिळून विश्वात असे किती शोषक असावेत याचा अंदाज बांधता येतो. एकट्या होकाराने काहीच बांधता आले नसते. एकाच शेपटीतून सगळ्या शेपट्यांबद्दल बोलू नये हे मान्य, पण शून्य आणि एक यांतले अंतर एक आणि दहा यांतल्या अंतरापेक्षा मोठे असते.

या सगळ्यात महाराष्ट्राचा वाटा किती, असे कुणी विचारू शकते, कारण २००० आणि २००८ ची निरीक्षणे चिलीतल्या युरोपीय दुर्बिणीवरची, आणि १५८५ मेगाहर्ट्झ खोडदच्या दुर्बिणीच्या पट्ट्यात बसतच नाही. तो पट्टा साधारण १४५० ला संपतो. म्हणजे दिवे परक्यांच्या आरशांत पाहिले गेले. पण कुठल्या दिव्याकडे बघायचे, कुठल्या वायूत कुठला रेणू शोधायचा, आणि न सापडलेलेही छापायचे, हे ठरवणे पुण्याचे होते. दुर्बीण कुणाच्या मालकीची यापेक्षा हे ठरवण्यातच शास्त्र घडते. काणेकर यांचा सहभाग असलेल्या एका गटाने २०१७ मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणीवर हाच धागा पुढे नेला. ज्या वायूच्या सावल्या वर्षानुवर्षे दिसत होत्या, त्याच्या शेजारच्या दीर्घिका त्यांनी कार्बनच्या लहरींवरून शोधल्या, आणि वायू त्या दीर्घिकांपासून सुमारे साठ हजार आणि एक लाख चाळीस हजार प्रकाशवर्षांवर निघाला. सावली देणारा वायू दीर्घिकांच्या पोटातला असतो, हा जुना समज त्याने बराच सैल झाला.

पट्ट्याची मर्यादाही नीट वाचायला हवी. जवळच्या शेपट्या खोडदच्या दुर्बिणीला ऐकू येत नाहीत, पण ताम्रसृती ०.१५ च्या पुढे गेली, म्हणजे सुमारे १९० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे, की हायड्रॉक्सिलच्या रेषा सरकून तिच्या पट्ट्यात उतरतात. जास्त दूर म्हणजे जास्त जुने विश्व, आणि तेव्हा दीर्घिकांच्या टकरी आजच्यापेक्षा अधिक होत होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या ६४ अँटेनांच्या मीरकॅट दुर्बिणीवर नीरज गुप्ता यांच्याच नेतृत्वाखाली चाललेले सर्वेक्षण दिव्यांची निवड आधी करून त्यांच्यासमोरच्या हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलच्या सावल्या एकाच वेळी तपासते. त्यामुळे कुठल्या शेपटीत काय सापडेल याचा अंदाज आधी बांधून जायची गरज उरत नाही. दिव्यांची यादी लांब आहे, त्यांच्यापुढून जाणाऱ्या शेपट्यांची अजून पुरेशी यादीच झालेली नाही. ती यादी करणे हे पुढचे काम आहे, आणि त्यासाठी क्वेसारच्या जवळपास दिसणाऱ्या, भिडणाऱ्या दीर्घिकांच्या अंधूक शेपट्या दृश्य प्रकाशातल्या छायाचित्रांत एकेक करून शोधाव्या लागतील.